मुदतीच्या तापाला मुदतीचेच औषध!

मराठवाड्यातील कोणत्याही सुशिक्षित घरातील औषधांचा डबा उघडून पाहावा. त्यात अर्धी संपलेली एखादी पट्टी हटकून सापडते. सात गोळ्यांपैकी चार गेल्या, तीन उरल्या. बाटलीतले पातळ औषध निम्म्यावर आले आणि तेथेच थांबले. ते औषध ज्या मुलासाठी आणले होते त्याचा ताप चौथ्या-पाचव्या दिवशी उतरला, मुलाने भाताची पेज मागितली, आजीने मीठमोहऱ्या ओवाळून टाकल्या, आईचा जीव भांड्यात पडला आणि औषध डब्यात पडले! पुढे दोन-तीन आठवड्यांनी तोच ताप त्याच मुलाच्या अंगात परत आला, तेव्हा ‘ताप उलटला’ म्हणून घराने दैवाला बोल लावला. वस्तुतः दैवाचा ह्यात काही संबंध नव्हता. डब्यातल्या त्या तीन गोळ्यांचा होता.

राजकारणाच्या धामधुमीत पहिल्या पानावरची ही जागा एका औषधाच्या पट्टीला का द्यावी, असे काही वाचकांच्या मनात येईल. त्यांस आमचे उत्तर असे की, विषमज्वर, म्हणजे ज्याला आपण बोलण्यात टायफॉईड म्हणतो तो रोग, अजून ह्या जगातून गेलेला नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजाप्रमाणे २०१९ ह्या एका वर्षात सुमारे ९० लाख माणसांना तो झाला आणि १ लाख १० हजार माणसे त्याने दगावली. ह्या रोगाचा मोठा भार दक्षिण आशियावर आहे आणि त्यातही तो मुलांवर आहे. नांदेड आणि लातूर ह्या दोन जिल्ह्यांतील आईबापांना हे आकडेवारीतून शिकवण्याची गरज नाही. त्यांनी ते उशाशी बसून शिकलेले आहे. परंतु ज्या औषधांच्या भरवशावर आपण आज निर्धास्त आहोत ती एकामागून एक बोथट होत चालली आहेत, आणि उरलेली किती दिवस द्यायची हा प्रश्न केवळ डॉक्टरांच्या चिठ्ठीचा राहिलेला नाही, ही गोष्ट मात्र अजून पुरेशी कोणाच्या ध्यानात आलेली दिसत नाही.

आपल्या पणजोबांच्या पिढीने ह्या रोगाला ‘मुदतीचा ताप’ असे नाव दिले होते. ते नाव मोठे समर्पक होते. तीन आठवड्यांची मुदत भरल्याखेरीज हा ताप अंगातून निघत नसे. वैद्य असो की डॉक्टर, त्याच्या हाती लंघन, पथ्य, कपाळावरच्या ओल्या घड्या आणि ईश्वरावरचा हवाला एवढीच साधने असत. तिसऱ्या आठवड्यात आतड्याला छिद्र पडण्याचे किंवा रक्तस्राव होण्याचे भय असे, आणि दहा रोग्यांमागे एखाददुसरा हातचा जाई. मग १९४८ साल उजाडले. ज्या वर्षीच्या सप्टेंबरात मराठवाडा निजामी राजवटीतून मुक्त झाला, त्याच वर्षी मलायातील क्वालालंपूर येथे क्लोरॅमफेनिकॉल नावाच्या नव्या औषधाने मुदतीच्या तापाची मुदत मोडली. तीन आठवडे तळ ठोकून बसणारा ताप चार-पाच दिवसांत उतरू लागला. ‘क्लोरोमायसेटिन’ हे त्या औषधाचे बाजारातील नाव आमच्या वडीलधाऱ्या वाचकांच्या अजून स्मरणात असेल. तथापि त्याच काळात डॉक्टरांच्या एक गोष्ट लक्षात आली होती. औषध लवकर थांबवले की काही रोग्यांत रोग उलटत असे. म्हणून ताप उतरल्यावरही उपचार चालू ठेवून ते दोन आठवड्यांपर्यंत नेण्याचा प्रघात पडला. म्हणजे रोगाची मुदत गेली. पण औषधाची मुदत तिच्या जागी आली. प्रस्तुत प्रश्नाचे मर्म ह्या एका वाक्यात आहे.

ह्या मुदतीचे कारण काय? विषमज्वराचा जंतू रक्तात उघड्यावर फिरून मार खात बसणारा नव्हे. आतड्यातून शिरल्यावर तो शरीराचे रक्षण करणाऱ्या पेशींच्याच पोटात दडून बसतो. प्लीहा, यकृत आणि हाडांतील मगज ही त्याची लपण्याची ठिकाणे. रक्तातले जंतू मेले की ताप उतरतो. परंतु पेशींच्या आत दडलेले जंतू तेवढ्याने मरत नाहीत. औषध किती दिवस द्यायचे हे त्या औषधाची पोहोच कोठवर आहे ह्यावर अवलंबून असते. अ‍ॅझिथ्रोमायसिन हे पेशींच्या आत मोठ्या प्रमाणावर साचणारे औषध आहे. म्हणून त्याचा सात दिवसांचा क्रम बहुधा पुरा पडतो. सेफ्ट्रायअ‍ॅक्सोन हे शिरेतून देण्याचे औषध प्रभावी खरे. पण पेशींच्या आत त्याचा शिरकाव कमी. म्हणून ते दहा ते चौदा दिवस द्यावे लागते, आणि त्याच कुळातले तोंडाने घेण्याचे सेफिक्झिम सामान्यतः चौदा दिवस. कोणत्या मुलाला कोणते औषध, किती मात्रेत आणि नेमके किती दिवस, हे त्याला तपासणाऱ्या डॉक्टरांनीच ठरवावयाचे, वर्तमानपत्राने नव्हे. पण औषध कोणतेही असो, ताप उतरण्याचा दिवस आणि औषध संपण्याचा दिवस हे एक नव्हेत, एवढे मात्र आम्ही निक्षून सांगतो.

येथे कोणी विचारील की, हल्ली प्रतिजैविके थोडेच दिवस द्यावीत असे तज्ज्ञच म्हणतात, ते कसे? म्हणणे खोटे नाही. लहान मुलांच्या साध्या न्यूमोनियासारख्या काही रोगांत थोड्या दिवसांचा उपचार लांबलचक उपचाराइतकाच गुणकारी ठरल्याचे दिसून आले आहे, आणि अशा ठिकाणी उगाच दिवस वाढवणे हा अपराधच होय. परंतु दडून बसणाऱ्या आणि उलटणाऱ्या ह्या रोगाला तो न्याय लावता येत नाही. जेथे थोडे पुरते तेथे थोडे, जेथे पुरे हवे तेथे पुरे, ह्यालाच विवेक म्हणतात. अर्धवट उपचाराने रोग उलटतो आणि अनावश्यक उपचाराने जंतू निर्ढावतात. आपल्याकडे दुर्दैवाने ह्या दोन्ही चुका एकाच घरात, कित्येकदा एकाच मुलावर, घडत असतात.

जंतू कसे निर्ढावले ह्याची कहाणी आमच्या वाचकांनी एकदा सलग वाचावी. क्लोरॅमफेनिकॉल येऊन पुरती पंचवीस वर्षे झाली नव्हती, तोच १९७२ साली मेक्सिकोत आणि इकडे केरळात कालिकत येथे त्या औषधाला दाद न देणाऱ्या जंतूंनी साथी पसरवल्या. १९९० च्या सुमारास तर क्लोरॅमफेनिकॉल, अ‍ॅम्पिसिलिन आणि कोट्रायमोक्झॅझोल ही तिन्ही औषधे एकदम न जुमानणारे जंतू भारतभर पसरले. मग सिप्रोफ्लॉक्सासिन आले. त्याचा इतका बेसुमार वापर झाला की भारतातील विषमज्वराचे बहुतेक सर्व जंतू आज त्याला आणि त्याच्या भावंडांना दाद देत नाहीत. त्यानंतर सेफ्ट्रायअ‍ॅक्सोनवर सारी भिस्त आली. २०१६ च्या अखेरीस पाकिस्तानात सिंध प्रांतातील हैदराबाद येथे जी साथ सुरू झाली तिच्या जंतूंनी सेफ्ट्रायअ‍ॅक्सोनही निकामी केले. ही विद्या त्या जंतूंनी आतड्यात राहणाऱ्या दुसऱ्या जातीच्या जंतूंकडून उचलली असावी, असे त्यांच्या जनुकांच्या तपासणीत दिसून आले. त्या मुलांसाठी तोंडाने देण्याजोगे एकच भरवशाचे औषध उरले, ते अ‍ॅझिथ्रोमायसिन. आणि त्यापलीकडे मेरोपेनेमसारखी औषधे, जी इस्पितळात दिवसातून तीन-तीन वेळा शिरेतून द्यावी लागतात. सिंध दूर आहे असे म्हणून कोणी स्वस्थ बसू नये. सेफ्ट्रायअ‍ॅक्सोनला न जुमानणारे जंतू आपल्या मुंबईतही आढळल्याचे २०२२ साली शास्त्रीय नियतकालिकात प्रसिद्ध झाले आहे. मुंबईहून नांदेडला आणि लातूरला दररोज रात्री गाड्या सुटतात, आणि जंतूला तिकीट लागत नाही.

ह्या कहाणीला एक विलक्षण जोडकथाही आहे. जी तीन जुनी औषधे १९९० च्या सुमारास निकामी झाली म्हणून आपण टाकून दिली, त्यांचा वापर कमी होताच पुढील काही वर्षांत जंतू त्यांना पुन्हा वश होऊ लागले. भारतीय वैद्यक संशोधन परिषदेच्या देखरेखीखालील प्रयोगशाळांत तपासलेल्या विषमज्वराच्या जंतूंपैकी फार मोठा भाग आता ह्या जुन्या औषधांना दाद देतो. म्हणजे ज्या शस्त्राला विश्रांती मिळाली त्याला पुन्हा धार चढली! ह्याहून मोठा धडा कोणता हवा? औषधे ही खाजगी मालमत्ता नव्हे. ती गावविहिरीसारखी सार्वजनिक ठेव आहे. एकाने उपसा केला की दुसऱ्याची तहान राहते. साध्या सर्दीपडशाला अ‍ॅझिथ्रोमायसिन मागणारा सुशिक्षित गृहस्थ नकळत एखाद्या अनोळखी मुलाच्या शेवटच्या औषधाला हात घालत असतो.

आता दोन चुकांपैकी पहिली चूक पाहू. औषध अर्ध्यावर का थांबते? आमच्यासारख्यांच्या घरात ते निष्काळजीपणाने थांबते, हे आम्ही आरंभी सांगितलेच. परंतु कंधार, मुखेड किंवा अहमदपूरच्या एखाद्या तांड्यावर ते निष्काळजीपणाने थांबत नाही, पोटासाठी थांबते. दहा दिवस शिरेतून औषध द्यायचे म्हणजे दहा दिवस आईने किंवा बापाने इस्पितळात बसायचे आणि दहा दिवसांच्या मजुरीवर पाणी सोडायचे. त्यात दसरा-दिवाळी उलटली की बालाघाटाच्या डोंगररांगांतील बिऱ्हाडे ऊसतोडीसाठी पश्चिम महाराष्ट्राची आणि कर्नाटकाची वाट धरतात. मुकादमाची उचल घेतलेली असते. गाडी ठरल्या दिवशी निघते. मुलाच्या औषधाचे पाच दिवस झाले आहेत आणि पाच राहिले आहेत, ही सबब मुकादमाच्या वहीत बसत नाही. ताप उतरला आहे ना, मग चला! तो मुलगा अर्धा बरा होऊन फडावर जातो, आणि रोग उलटतो तेव्हा त्याची चिठ्ठी, त्याचे तपासणीचे कागद, त्याचा डॉक्टर सारे शेकडो मैल मागे राहिलेले असते. अशा मातेला ‘औषध पुरे करावे’ असा उपदेश करणे म्हणजे उपाशी माणसाला पथ्य सांगण्यापैकी आहे. तिच्या हाती पुरे औषध आणि फडाजवळच्या आरोग्य केंद्रासाठी चिठ्ठी देऊन तिची रवानगी करणे हे सरकारचे काम आहे.

दुसरी चूक उतावळेपणाची. ही मात्र बहुतांशी आम्हा शहरी लोकांची. योग्य औषध चालू झाल्यानंतरही विषमज्वराचा ताप उतरायला चार ते सहा दिवस लागतात, कधी त्याहून अधिकही. पण तिसऱ्या दिवशी काटा शंभराच्या खाली आला नाही की घरात कुजबुज सुरू होते. काकांच्या ओळखीचे दुसरे डॉक्टर, मामांच्या परिचयातले तिसरे रुग्णालय. नवे डॉक्टर आपले औषध जोडतात. जुने औषध मुदत भरण्याआधीच जाते किंवा दोन्ही एकत्र चालतात. आईबापांनी ‘काहीतरी जोरदार द्या’ म्हणावयाचे आणि गिऱ्हाईक तुटेल ह्या भीतीने डॉक्टरांनी ते द्यावयाचे, हा व्यवहार आता इतका अंगवळणी पडला आहे की त्यात कोणाला काही वावगे वाटेनासे झाले आहे. ज्या डॉक्टरने ‘थांबा, अजून दोन दिवस पाहू’ असे म्हटले त्याला आपण अननुभवी ठरवतो. खरे पाहता असे म्हणण्याला अधिक विद्या लागते आणि त्याहून अधिक धैर्य.

त्यातच निदानाचा घोळ आहे. फेर्नाँ विडाल ह्या फ्रेंच वैद्याने १८९६ साली शोधलेली चाचणी आजही आपल्याकडे गल्लोगल्ली केली जाते. आपल्या काळी ती मोठीच प्रगती होती. पण जेथे हा रोग सदैव वावरत असतो तेथे एकदाच केलेल्या विडाल चाचणीवरून काही निश्चित सांगता येत नाही, हे आज सर्वमान्य आहे. पूर्वी कधी होऊन गेलेला रोग, दुसराच एखादा ताप किंवा जुन्या लशीचा परिणाम, ह्यांपैकी कशानेही ती फसते. परिणामी ज्याला विषमज्वर नाही असा मुलगा चौदा दिवस औषध खातो आणि ज्याला आहे त्याला भलतेच औषध मिळते. खात्रीचा मार्ग रक्ताच्या कल्चरचा. त्यातून जंतू सापडला तर तो कोणत्या औषधाला दाद देतो हेही कळते. ही तपासणीही निर्दोष नाही. दहा खऱ्या रोग्यांपैकी सुमारे सहांतच ती जंतू दाखवते, आणि प्रतिजैविकाच्या दोन गोळ्या आधी पोटात गेल्या असतील तर त्याहूनही कमी. म्हणूनच रक्त आधी आणि औषध नंतर, हा क्रम पाळला पाहिजे. मुलाचा जीव धोक्यात असेल तर डॉक्टर थांबणार नाहीत आणि थांबूही नये. पण रक्त काढायला पाच मिनिटे लागतात, तेवढा वेळ सर्वांजवळ असतो.

मग हे होत नाही ते का? कारण किनवटच्या मुलाला नांदेडचे मोठे इस्पितळ सव्वाशे किलोमीटरांहून दूर आहे. आमची येथे सरकारला एक साधी सूचना आहे. नांदेडला विष्णुपुरीचे डॉ. शंकरराव चव्हाण शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आहे. लातूरला विलासराव देशमुख शासकीय वैद्यकीय विज्ञान संस्था आहे. विषमज्वराचा संशय आला की किनवट, माहूर, देगलूर, मुखेड, उदगीर, निलंगा, अहमदपूर येथील सरकारी रुग्णालयांत कल्चरच्या बाटलीत रक्त घ्यावे आणि ती बाटली त्याच दिवशी ह्या दोनपैकी जवळच्या संस्थेकडे रवाना करावी. ती बर्फात ठेवावी लागत नाही, किंबहुना ठेवू नये. नेहमीच्या हवेत ती एक दिवसाचा प्रवास सुखाने करते. ज्या एस.टी.ने आपल्या लग्नपत्रिका आणि आंब्यांच्या पेट्या बिनबोभाट पोहोचतात तिच्याने एक बाटली पोहोचणार नाही काय? तपासणीचा निकाल दूरध्वनीवरून परत कळवता येतो. आणि वर्षाअखेर ह्या दोन्ही संस्थांनी आपापल्या जिल्ह्यातील जंतू कोणत्या औषधाला दाद देतात आणि कोणत्याला देत नाहीत ह्याचा एक पानी तक्ता प्रत्येक डॉक्टरच्या टेबलावर पोहोचवावा. आज आपले डॉक्टर बरेचसे अंधारात बाण मारत आहेत. त्यांस दोष देण्यापूर्वी दिवा लावून द्यावा.

औषधविक्रीच्या बाबतीत कायदा आहे, पालन नाही. मार्च २०१४ पासून सेफिक्झिम, सेफ्ट्रायअ‍ॅक्सोन ह्यांसारखी औषधे ‘एच-१’ नावाच्या परिशिष्टात घातलेली आहेत. ती विकताना दुकानदाराने रोग्याचे आणि डॉक्टरचे नाव वेगळ्या वहीत लिहून ती वही तीन वर्षे जपावयाची असते. ही वही अन्न व औषध प्रशासनाचे अधिकारी किती वेळा उघडून पाहतात? चिठ्ठीवाचून प्रतिजैविक देणाऱ्या दुकानावर कारवाई व्हावी हे तर झालेच. पण चिठ्ठी सात दिवसांची असताना ‘दोनच दिवसांचे द्या, पुढचे बघू’ असे म्हणणाऱ्या गिऱ्हाइकालाही दुकानदाराने दोन शब्द सांगावेत. पट्टीवर जी तांबडी रेघ छापलेली असते ती शोभेसाठी नव्हे. डॉक्टरांच्या चिठ्ठीवाचून हे औषध घेऊ नका असे ती सांगते. आणि सरकारी रुग्णालयांनी तर मुलाला घरी सोडताना पूर्ण मुदतीचे औषध मोजून हाती द्यावे. अर्धे आज, अर्धे पुढच्या खेपेला, ही पद्धत ज्यांना पुढची खेप परवडत नाही त्यांच्या बाबतीत रोग उलटवण्याचीच पद्धत होय.

आमच्या भाषेत ‘आजार रेड्याला आणि औषध पखालीला’ अशी एक म्हण आहे. मूर्खपणाच्या उपचाराला उद्देशून ती वापरतात. परंतु विषमज्वरात ही म्हण उलटी वाचली पाहिजे. येथे खरे औषध पखालीलाच हवे! हा रोग मैल्याने दूषित झालेल्या पाण्यातून आणि अन्नातून तोंडात जातो. दुसरी वाट त्याला नाही. पाश्चात्त्य देशांतील शहरांनी विसाव्या शतकाच्या आरंभी पाणी गाळून, त्यात क्लोरिन घालून आणि मैल्याची व्यवस्था लावून हा रोग मोठ्या प्रमाणावर हटवला. त्या वेळी प्रतिजैविकाचे नावही कोणास ठाऊक नव्हते. आपण मात्र औषधांच्या चार पिढ्या झिजवल्या आणि नळ तसेच ठेवले.

लातूरची पाण्याची कथा साऱ्या देशाला ठाऊक आहे. २०१६ च्या मार्चमध्ये पाण्याच्या टाक्यांभोवती जमावबंदी पुकारावी लागली आणि एप्रिलमध्ये मिरजेहून आगगाडीने पाणी आणावे लागले. धनेगावचे मांजरा धरण आटले की लातूरचा घसा कोरडा पडतो. नांदेडच्या उशाशी गोदावरी वाहते, विष्णुपुरीचा बंधारा आहे; पण पाणी असणे वेगळे आणि शुद्ध पाणी असणे वेगळे. ज्या शहरात नळाला काही तासच किंवा काही दिवसांआडच पाणी येते, तेथे उरलेल्या वेळी रिकाम्या नळातील दाब उतरतो आणि फुटक्या जोडातून शेजारच्या गटाराचे पाणी आत ओढले जाते. मग जलशुद्धीकरण केंद्रावर कितीही क्लोरिन घातले तरी घरातल्या हंड्यात काय पडेल ह्याची शाश्वती राहत नाही. टँकरचे पाणी तर कोणत्या विहिरीतून आले हे टँकरवाल्याखेरीज कोणास ठाऊक? पाणीटंचाई म्हणजे केवळ तहानेचा प्रश्न नव्हे. ती हात धुण्याची, भांडी विसळण्याची आणि शौचालयाचीही टंचाई असते.

ह्या दोन शहरांची आणखी एक खासियत आहे, आणि तिचा आपणास अभिमानही आहे. ‘लातूर पॅटर्न’च्या कीर्तीने आणि नांदेडच्या शिकवण्यांच्या ओढीने दूरदूरच्या खेड्यांतून हजारो मुले-मुली येथे येऊन राहतात, खोल्यांत दाटीवाटीने झोपतात आणि खाणावळीत जेवतात. आईबापांनी शेत गहाण टाकून पाठवलेल्या ह्या मुलांच्या ताटाची आणि पाण्याच्या टाकीची तपासणी कोण करतो? ज्यांना हा रोग होऊन गेला त्यांपैकी शंभरात एक ते पाच माणसे पुढे दीर्घकाळ, स्वतः ठणठणीत असूनही, पित्ताशयात जंतू बाळगतात. असा एक वाहक स्वयंपाकघरात असला तर साऱ्या पंगतीला धोका असतो. तेव्हा खाणावळींच्या स्वयंपाक्यांची तपासणी आणि वसतिगृहांच्या टाक्यांतील क्लोरिनची नोंद ही दोन्ही महानगरपालिकांची दर महिन्याची कामे असली पाहिजेत. साथ आल्यावर करण्याची नव्हेत. तहान लागल्यावर विहीर खणण्याची आपली जुनी सवय येथे जीव घेईल.

पाण्याची कामे व्हायला वर्षे लागतात हे आम्ही जाणतो. तोवर मुलांनी काय करावे? ह्याचे उत्तर आपल्याच राज्यात मिळालेले आहे. २०१८ साली नवी मुंबई महानगरपालिकेने ९ महिने ते १४ वर्षे वयाच्या मुलांना विषमज्वराची नवी संयुग्म लस सार्वजनिक मोहिमेतून देण्यास आरंभ केला. जगात सार्वजनिक यंत्रणेने असे करण्याची ही पहिली वेळ होती. पहिल्याच टप्प्यात लाखाहून अधिक मुलांनी ती टोचून घेतली. ही लस दख्खनच्या हैदराबादेत तयार झालेली आहे. योगायोग पाहा: एका हैदराबादेत जंतूने औषधांना हरवले आणि दुसऱ्या हैदराबादेत त्या जंतूवरची लस निघाली! सिंधने २०१९ च्या अखेरीस तीच लस आपल्या मुलांना दिली. नेपाळात ललितपूर येथे सुमारे वीस हजार मुलांवर झालेल्या चाचणीत ती सुमारे ८२ टक्के परिणामकारक ठरली. ती एकदाच टोचावी लागते. पॅराटायफॉईड ह्या तिच्या चुलतभावंडाला ती अडवत नाही, म्हणून पाण्याची जबाबदारी तिने संपत नाही. पण जो रोग होतच नाही त्याला किती दिवस औषध द्यायचे हा प्रश्नच उद्भवत नाही. ऐपतीच्या घरांतील मुले ही लस खाजगी दवाखान्यात घेऊ शकतात. ऊसतोड्याच्या आणि हमालाच्या मुलाला ती अंगणवाडीत आणि शाळेत, पैसा न घेता, मिळाली पाहिजे. नवी मुंबईच्या मुलांना जे २०१८ साली मिळाले ते नांदेड-लातूरच्या एकाही मुलाला न मिळण्यासारखे त्याने काय पाप केले आहे?

हा रोग अटळ नाही, ह्याला पुराव्याची जोड आहे. २०१७ ते २०२० ह्या काळात देशात चार ठिकाणी मुलांमधील विषमज्वराची काटेकोर मोजणी झाली. दिल्ली, कोलकाता आणि वेल्लोर येथील शहरी वस्त्यांत दर वर्षी लाख मुलांमागे ५७६ ते ११७३ मुलांना तो झाला. आणि पुणे जिल्ह्यातील वढू परिसराच्या ग्रामीण भागात केवळ ३५ जणांना. एकाच देशात, एकाच काळात एवढे अंतर! त्याची कारणे अनेक असतील. पण हा रोग आपल्या कपाळी लिहिलेला नाही, एवढे त्यावरून निर्विवाद सिद्ध होते.

आमच्या वाचकांकडून आम्ही फार मोठे काही मागत नाही. मुलाला ताप आला तर प्रतिजैविकासाठी डॉक्टरांच्या मागे लागू नका. रक्ताची तपासणी करावयाची का, असे मात्र आवर्जून विचारा. औषध सुरू झाले तर त्याचा शेवटचा दिवस दिनदर्शिकेवर लिहून ठेवा आणि ताप उतरला तरी त्या दिवसापर्यंत ते द्या. तीन दिवसांत डॉक्टर बदलू नका. मात्र मुलाचे पोट फुगले, शौचातून रक्त गेले, ते गुंगीत गेले किंवा पाणीही पोटात ठरेना, तर एक तासही दवडू नका. आणि डब्यातील उरलेली पट्टी दुसऱ्या मुलाच्या तोंडात घालू नका.

सरकारकडून आणि दोन्ही महानगरपालिकांकडून मात्र आम्ही अधिक मागतो, कारण त्यांचे देणे जुने आहे. तपासणी, पुरे औषध, लस आणि शुद्ध पाणी ह्या चार गोष्टी. पूर्वी ह्या तापाला तीन आठवड्यांची मुदत असे. आज त्याच्या औषधाला सात, दहा, चौदा दिवसांची मुदत आहे. आई ती मुदत पाळील, डॉक्टरही पाळतील. सरकारी कामांच्या मुदतीचे काय? जलवाहिन्यांची कामे, प्रयोगशाळांचे प्रस्ताव आणि लशीच्या मागण्या मुदतवाढीवर मुदतवाढ घेत फायलींतून फिरत असतात, आणि जंतू तेवढ्यात आणखी एक औषध पचवतो. अ‍ॅझिथ्रोमायसिननंतर तोंडाने देण्याजोगे भरवशाचे नवे औषध रांगेत उभे नाही. म्हणून आमची एवढीच मागणी आहे की, ह्या एका कामाला तरी आता मुदतवाढ मिळू नये.